मॉन्ट्रीटचं फाटक

शुक्रवार

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शार्लटमधली मराठी मंडळी ऑक्टोबरात डोंगरात जातात ती पानांचे रंग बघायला. २०२३ साली आम्हीही निघालो, पण मिरजेहून आलेले माझे सासरे अण्णा पानांच्या बाबतीत थंड होते. "पिकलेली पानं बघायला पेट्रोल कशाला जाळायचं?" हा त्यांचा सवाल. मग मी कार्यक्रमच बदलला. या भागात धार्मिक मेळ्यांची जुनी मैदानं आहेत, पुढे डोंगरात त्यांचीच वाढून झालेली अख्खी गावं आहेत, ती बघत जाऊ म्हटलं. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. माणसांचे लोंढे कुठून येतात, राहतात कुठे, खातात काय, हे त्यांना आपोआप दिसतं. ते लगेच तयार झाले.

पहिला थांबा डेन्व्हर. कोलोरॅडोतलं नव्हे, शार्लटहून तासाभराच्या आत, नॉर्मन तलावाच्या पश्चिमेला असलेलं छोटं गाव. इथं मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं रॉक स्प्रिंग्ज नावाचं कॅम्पग्राउंड, म्हणजे मेळ्याचं मैदान आहे. मधोमध चारही बाजूंनी उघडा लाकडी मांडव. १८३२ सालचा. तासलेल्या ओंडक्यांचे खांब, खाच पाडून एकमेकांत बसवलेली तुळयांची टोकं, वर मोठं उतरतं छप्पर. मांडवाभोवती चौकोनात ओळींमागे ओळी, लाकडी खोल्यांच्या. एकीची भिंत दुसरीला चिकटलेली, बऱ्याचशा बिनरंगी, पावसाने करड्या पडलेल्या. या खोल्यांना इथले लोक आजही 'टेंट' म्हणतात, कारण सुरुवातीला खरोखर तंबू होते. टेंट घराण्यात वारशाने येतो. वर्षभर कुलूप आणि ऑगस्टात मेळा भरला की सगळं गोत हजर.

अण्णांनी मांडवातल्या बाकावर बसून चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "हा तर नामसप्ताहाचा मांडव झाला गं. फक्त वीणेकरी दिसत नाही."

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. ही प्रथा पसरली ती १८०० च्या सुमारास. ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकीतल्या केन रिजला हजारो माणसं बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन जमली. प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, सगळ्या पंथांचे उपदेशक एकाच रानात बोलत होते. लोक रडत होते, कोसळत होते, अंगात आल्यासारखे थरथरत होते. कारणं अगदी व्यवहाराची होती. डोंगराळ मुलखात वस्ती विरळ, देऊळ-चर्च लांब, दीक्षा घेतलेले पाद्री मोजके. त्यातला एखादा घोड्यावरून महिनोन्महिने फिरणार. ऑगस्टात पिकाची खुरपणी संपलेली आणि काढणीला अवकाश, तेवढेच दिवस शेतकऱ्याला मोकळे. आठवडाभराचा शिधा घेऊन सगळं घर मैदानावर राहायला येई. प्रवचन, गाणं, आणि खरं सांगायचं तर सोयरिकी जुळवणं आणि जनावरांचे सौदेही.

दक्षिणेतल्या अशा बहुतेक मेळ्यांना गुलामही येत. त्यांची जागा व्यासपीठाच्या पाठीमागे. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या लोकांनी आपली मैदानं वेगळी उभारली. रॉक स्प्रिंग्जच्याच लिंकन परगण्यात टकर्स ग्रोव्ह आहे, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन या कृष्णवर्णीयांच्या पंथाचं. तिथेही गेलो. मधे मांडव, भोवती टेंट, रचना तीच. दोन्हीकडे देव तोच, भजनंही बरीचशी तीच, आणि मांडव दोन. अण्णा गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "आमच्याकडे पाणवठे दोन होते."

तिथून आय-४० महामार्गाला लागलो. ओल्ड फोर्ट गाव आलं की समोर ब्लू रिज डोंगररांगेची भिंतच उभी राहते. ट्रकना धापा टाकत चढायला लावणारा घाट आहे. त्याआधी आम्ही उजवीकडे वळून अँड्र्यूज गीझर बघितला. नाव गीझर असलं तरी हा गरम पाण्याचा झरा नाही. डोंगरावरच्या तळ्यातलं पाणी नळाने खाली आणून नुसत्या दाबावर उडवलेलं कारंजं आहे, १८८५ सालचं. आगगाडीच्या प्रवाशांना करमणूक म्हणून रेल्वेवाल्यांनी बांधलं. रूळ इथं डोंगराला वेटोळे घालत चढतात, त्यामुळे प्रवाशांना हे कारंजं कधी या खिडकीतून तर कधी त्या खिडकीतून दिसे.

हा लोहमार्ग नसता तर पुढची भक्तिनगरी झालीच नसती, म्हणून इथं जरा रेंगाळते. वेस्टर्न नॉर्थ कॅरोलिना रेल्वे हा घाट चढली १८७९ साली. बांधणारे हात बहुतेक कैद्यांचे होते आणि कैदी बहुतेक कृष्णवर्णीय. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण किरकोळ गुन्ह्यांत लांब शिक्षा ठोठावून सरकार हीच माणसं रेल्वेच्या कामाला जुंपत होतं. माथ्यावरचा स्वॅनानोआ बोगदा सुमारे १,८०० फुटांचा. तो दोन्ही तोंडांनी खणता यावा म्हणून 'सॉल्सबरी' नावाचं वाफेचं इंजिन रूळ नसलेल्या डोंगरावरून माणसं आणि बैल लावून ओढत पलीकडे नेलं. मार्च १८७९ मध्ये बोगदा आरपार झाला त्याच सुमारास दरड कोसळून एकवीस जण गेले. सगळ्या घाटात मिळून शंभराहून जास्त कैदी मेले आणि रुळांच्या आसपासच पुरले गेले. त्यांच्या स्मरणार्थ कारंज्यापाशी २०२१ मध्ये दगड उभा राहिला. कारंजं बघायला आलेली माणसं फोटो काढत होती. दगडाकडे वळून वाचणारे थोडे होते. अण्णांनी मला तो पूर्ण वाचून, मराठीत सांगायला लावला.

अंधार पडता पडता ब्लॅक माउंटन गाव ओलांडून मॉन्ट्रीट या आमच्या मुक्कामाच्या भक्तिनगरीच्या फाटकातून आत शिरलो.

शनिवार

सकाळी अण्णा माझ्याआधी उठून त्या फाटकापर्यंत पायी जाऊन आले होते. दगडी कमानींचं फाटक आहे, नदीतले गोटे रचून केल्यासारखं, आत जायला एक वाट आणि बाहेर यायला दुसरी. आता तिथं कोणी अडवत नाही. पूर्वी उन्हाळ्यात इथं आत जाण्याचे पैसे घेत. "म्हणजे जकात नाका," अण्णा म्हणाले, आणि दिवसभर त्याला नाकाच म्हणत राहिले.

मॉन्ट्रीटची गोष्ट १८९७ मध्ये सुरू होते. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे जॉन कॉलिन्स नावाचे काँग्रिगेशनल पंथाचे पाद्री, म्हणजे चक्क उत्तरेकडचा माणूस, थंड हवेच्या जागेच्या शोधात होते. ब्लॅक माउंटनला रेल्वेचं स्टेशन, तिथून दोन-तीन मैलांवर तीन बाजूंनी डोंगर असलेलं हे खोरं. त्यांनी 'माउंटन रिट्रीट असोसिएशन' काढली आणि साडेचार हजार एकरांच्या आसपास जंगल घेतलं. कल्पना अशी, की सगळ्या पंथांच्या लोकांनी उन्हाळ्यात यावं, तंबू ठोकावेत, प्रार्थना करावी, प्रकृती सुधारावी. रॉक स्प्रिंग्जच्या शेतकऱ्याला आठवडाभर मोकळीक होती म्हणून तो मैदानावर आला. इथं येणार होता तो शहरातला, महिनाभर सुट्टी परवडणारा माणूस.

पैसा उभा करायला जो मार्ग काढला तो आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. प्लॉट पाडले आणि विकले. तंबूंच्या जागी लाकडी बंगले आले, ऐसपैस ओसऱ्या आल्या, हॉटेल आलं. पुण्यामुंबईकडचा बिल्डर जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' म्हणतो, हे लोक त्याच्या जोडीला देवालाही घेत होते. मी हे टवाळीने म्हणत नाही. नुसत्या प्रवचनावर डोंगरात रस्ते, पाणी आणि दिवे येत नाहीत.

दहाएक वर्षांत मूळ मंडळींचा दम संपला. १९०५ मध्ये आमच्या शार्लटच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री जे. आर. हॉवर्टन यांनी ही जागा आपल्या पंथाने घ्यावी असा विचार मांडला आणि पाठपुरावा केला. सगळ्या पंथांचं मैदान दक्षिणी प्रेस्बिटेरियनांच्या हातात गेलं. १९११ पासून १९४६ पर्यंत रॉबर्ट अँडरसन हे एकच गृहस्थ अध्यक्ष होते. आज दिसतं ते बरंचसं त्यांच्या काळातलं: अडवलेल्या ओढ्याचं लेक सुझन तळं, मोठं सभागृह, कॉलेज, आणि आम्ही उतरलो होतो ते असेंब्ली इन.

असेंब्ली इन १९२० च्या दशकाअखेरचं, आतबाहेर दगडाचं. दिवाणखान्याच्या भिंतीला हात लावून बघितला. जसे निघाले तसेच दगड बसवलेत, काहींत अभ्रक चमकतं, एका खांबातला गारगोटीचा दगड तर लहान मुलांनी हात फिरवून गुळगुळीत केल्यासारखा वाटत होता. याच इमारतीत १९४२-४३ च्या हिवाळ्यात अमेरिकी सरकारने जपानी आणि जर्मन कुटुंबं स्थानबद्ध करून ठेवली होती, बरीचशी लॅटिन अमेरिकेतून आणलेली. बाहेर पहारा, आत बायका आणि मुलं. प्रार्थनेसाठी बांधलेल्या जागेचा असाही उपयोग होतो.

न्याहारीला बसल्यावर अण्णांनी मनातली शंका काढली. "प्रेस्बिटेरियन म्हणजे आपल्या मिशन हॉस्पिटलवालेच ना?" मिरजेच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. डॉक्टर वॉनलेस यांचं १८९४ चं हॉस्पिटल म्हणजे मिरजेची निम्मी ओळख. तर उत्तर असं, की भाऊबंद, पण वेगळ्या घरातले. गुलामगिरी आणि यादवी युद्धावरून १८६१ मध्ये प्रेस्बिटेरियनांच्या वाटण्या झाल्या. मिरज-कोल्हापूरची मिशनं उत्तरेकडच्या घराची. मॉन्ट्रीट दक्षिणेचं. इथून माणसं गेली ती चीन, कोरिया, जपान, काँगो, ब्राझीलला. दोन्ही घरं पुन्हा एक झाली १९८३ साली. "एकशे बावीस वर्षं!" अण्णांनी हिशेब केला. "आमच्या भावकीतली केस तर अजून पन्नाशीतच आहे."

त्या चीनच्या मिशनवरूनच मॉन्ट्रीटला त्याचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासी मिळाला. चीनमध्ये डॉक्टर असलेले नेल्सन बेल परत येऊन इथं स्थायिक झाले. त्यांची मुलगी रूथ हिचं लग्न १३ ऑगस्ट १९४३ रोजी इथल्याच गेदर चॅपलमध्ये लागलं, शार्लटजवळच्या शेतकऱ्याच्या मुलाशी. तो बिली ग्रॅहम. पुढे स्टेडियमच्या स्टेडियम भरवणारा हा उपदेशक आयुष्यभर याच गावात राहिला आणि २१ फेब्रुवारी २०१८ ला वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी इथल्याच घरी वारला. घर वर डोंगरात आहे, खाजगी आहे, शोधत जाऊ नये.

ग्रॅहम यांचा एक धागा आपल्याकडे येतो. जानेवारी १९५६ मध्ये ते भारताच्या दौऱ्यावर मुंबईत उतरले, आणि नेमकी त्याच आठवड्यात मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा भडका, दगडफेक, गोळीबार. सभा झाल्याच नाहीत, पाहुणे पुढे मद्रासकडे गेले. अण्णा तेव्हा शाळेत होते. त्यांना हरताळ आठवतो, प्रभातफेरी आठवते, अमेरिकी पाद्री मात्र मुळीच आठवत नाही. "त्या आठवड्यात मुंबईत देव जरी उतरला असता तरी त्याला सभा मिळाली नसती," असं त्यांचं मत पडलं.

दुपारी अँडरसन सभागृहात डोकावलो. माझ्यासाठी मॉन्ट्रीटला येण्याचं खरं कारण हे होतं. ही जागा अनेक वर्षं गोऱ्यांपुरती होती. १९५० च्या दशकात चर्चमध्येच त्यावरून वाद पेटले आणि मग हळूहळू, कुरकुरत, दारं उघडली. १९६५ च्या उन्हाळ्यातल्या परिषदेला मार्टिन ल्यूथर किंग यांना बोलावलं, तेव्हा पंथातच गहजब झाला. त्या वर्षीच्या महासभेत निमंत्रण मागे घ्यावं म्हणून ठराव आला. तो पडला. ऑगस्टात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली आणि किंग तिकडे गेले. मॉन्ट्रीटची मंडळी थांबून राहिली. २१ ऑगस्टला किंग आले आणि याच सभागृहात, वंशभेदाबाबत चर्चची जबाबदारी काय यावर, चर्चच्याच लोकांसमोर बोलले.

सभागृह रिकामं होतं, कोणीतरी खुर्च्या लावत होतं. मी अण्णांना म्हटलं, ज्या घाटातून ही सगळी माणसं गाडीने वर आली तो खोदणाऱ्यांच्या वंशातल्या माणसाला इथल्या व्यासपीठावर यायला शहाऐंशी वर्षं लागली. बोगदा १८७९, भाषण १९६५. मॉन्ट्रीटच्या तळ्याचे आणि पानांचे फोटो सगळे टाकतात. मला विचाराल तर या गावात बघायचं ते हे अंतर.

संध्याकाळी लुकआउट ट्रेल अर्धी चढलो. अण्णांचे गुडघे म्हणाले पुरे, मग खाली येऊन ओसरीवरच्या झुलत्या खुर्च्यांत बसलो. पानांकडे न बघण्याची प्रतिज्ञा त्यांनी तिथं मोडली, पण तसं कबूल केलं नाही.

रविवार

स्वॅनानोआच्या या एका खोऱ्यात भक्तांची किती दाटी आहे ते सकाळी कळलं. १९०६ मध्ये ब्लॅक माउंटनच्या दक्षिणेच्या डोंगरावर वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेची ब्लू रिज असेंब्ली निघाली. १९०७ मध्ये बोगद्याच्या माथ्यावर बॅप्टिस्टांचं रिजक्रेस्ट. एकाचं बघून दुसऱ्याने प्लॉट घ्यावा तसं झालं. रिजक्रेस्ट आम्ही गाडीतूनच बघितलं.

वायएमसीएच्या टेकडीवरची १९१२ ची मुख्य इमारत बघण्यासारखी आहे. पांढरे उंच खांब, समोर डोंगररांग. कित्येक वर्षं तिचं नाव यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्यावरून होतं, आता बदललं आहे. १९३३ मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेज ही अगदीच बंडखोर संस्था याच इमारतीत भाड्याने सुरू झाली. नाझींमुळे जर्मनी सोडून आलेले चित्रकार योसेफ आल्बर्स इथं शिकवत. दर उन्हाळ्यात वायएमसीएची शिबिरं आली की कॉलेजला आपलं चंबूगबाळं आवरून माळ्यावर ठेवावं लागे, आणि शिबिरं गेली की पुन्हा मांडायचं. १९४१ मध्ये त्यांनी स्वतःची जागा केली, १९५७ मध्ये कॉलेज बंद पडलं. भाडेकरूची ही कसरत ऐकून अण्णांना मनापासून हळहळ वाटली.

दुपारी अॅशव्हिल मागे टाकून पश्चिमेला लेक जुनालुस्का. हे मेथडिस्टांचं. १९०८ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगाच्या बैठकीत ठरलं, ओढ्यावर धरण घातलं आणि २५ जून १९१३ ला उद्घाटन झालं. दोनशे एकरांचं तळं, काठावर सभागृह, वर उजळणारा क्रूस, आणि हो, इथंही प्लॉट. १९३० च्या दशकातल्या मंदीत संस्था कर्जात बुडाली आणि वर्गण्यांवर कशीबशी तरली. तळ्याभोवती सपाट वाट आहे, अण्णांनी पूर्ण फेरी मारली, बदकांसकट सगळ्यांना 'हॅलो' करत.

जुनालुस्का हा या मुलखातल्या चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीचा सरदार. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत तो अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने लढला. पुढे हाच जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने रेटलेल्या कायद्याने १८३८ मध्ये चेरोकींना सैनिकांच्या पहाऱ्यात पश्चिमेला हाकललं. वाटेत हजारो मेले. जुनालुस्का काही वर्षांनी ओक्लाहोमाकडून चालत परत आला. १८४७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्याला नागरिकत्व आणि ३३७ एकर जमीन दिली. ज्या मुलखात त्याचे वाडवडील राहिले तिथलं नागरिकत्व! तळ्याला त्याचं नाव देणाऱ्यांनी आदरानेच दिलं असणार. मला मात्र पाटी वाचताना त्या ३३७ आकड्याचा राग आला.

सोमवार

परतीत विशेष काही नाही. रस्त्याकडेच्या टपरीवर मीठ घालून उकडलेल्या शेंगा मिळाल्या, कागदी पेल्यात, गरम. अण्णांनी दोन पेले संपवले आणि अमेरिकेत आल्यापासूनचं सर्वांत चांगलं खाणं म्हणून जाहीर केलं. माझ्या दोन दिवसांच्या थेपल्यांचा उल्लेख नाही. हेंडरसनव्हिलच्या सफरचंदांची एक पेटीही गाडीत चढली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. असेंब्ली इनमध्ये परिषद नसेल तेव्हा कोणालाही खोली मिळते. शाकाहारी असाल तर ब्लॅक माउंटन गावात जेवा. मेळा बघायचा असेल तर रॉक स्प्रिंग्जला ऑगस्टच्या सुरुवातीला जा, एरवी मांडव रिकामा. आणि महत्त्वाचं म्हणजे हे सगळं चक्रीवादळाच्या आधीचं आहे. २७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन आलं, स्वॅनानोआ नदीने खोरं धुऊन नेलं, ओल्ड फोर्टच्या घाटात दरडींनी महामार्ग बंद पडला आणि कैद्यांनी बांधलेला तो वेटोळ्यांचा लोहमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. निघण्याआधी रस्ता आणि मुक्काम, दोन्हींची फोनवर खात्री करून घ्या.